लसीच्या डब्यातला प्रोसेसर

मी खोली बघायला गेले तेव्हा त्या एका माणसाला गोळ्या घालत होत्या.

सरकारी नोकरीतल्या नर्सबाई. वय पन्नाशीच्या घरात, अंगावर ड्युटीची पांढरी साडी, खुर्चीत मांडी ठोकून बसलेल्या, आणि समोरच्या कॉम्प्युटरवर कुठल्याशा गोदामात शिरून धडाधड बंदूक चालवत होत्या. माझ्याकडे न वळता म्हणाल्या, "बस जरा. हा एक राहिलाय." तो एक पडला. मग खुर्ची फिरवून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "सुकट खातेस का? वास येतो म्हणून नाक मुरडणारी भाडेकरू मला नको."

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. जव्हारमध्ये तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे सरकारी कचेरीत प्लास्टिकच्या खोळीखाली झाकून ठेवायची वस्तू. मी नुकतीच आदिवासींच्या संघटनेत पूर्णवेळ आले होते. कुपोषण, रोजगार हमी, रेशन यांवर पत्रकं लिहायची आणि बाजाराच्या दिवशी वाटायची, हे माझं काम. ज्या भागात पोरं वजनात भरत नाहीत, तिथली नर्स घरी येऊन बंदुकीचा खेळ खेळते हे बघून मला काय वाटलं? किळस वाटली. पुढे जे घडलं त्याच्या आधाराने ही पहिली भावना गोड करून सांगायची माझी इच्छा नाही. खोली मात्र घेतली. एकट्या मुलीला, त्यातून मोर्चे काढणारीला, जव्हारात दुसरं कुणी खोली देत नव्हतं. शिवाय त्या कॉम्प्युटरवर मराठी टाइप होत होतं.

सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. मी 'पत्रकवाली'. "ए पत्रकवाले, दूध उतू चाललंय, त्यावर काढ एखादं पत्रक."

कॉम्प्युटरला बसायच्या आधी त्या कोपरापर्यंत हात धुवायच्या. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, कुणाचं बाळंतपण करण्याआधी धुतात तसे. मी एकदा म्हणाले, "सिस्टर, तो खेळ आहे, ऑपरेशन नाही."

"दिवसभर कुठे कुठे हात घातलेत ते मला माहीत. त्याला कशाला लावू?"

'त्याला' म्हणजे कीबोर्डला. मशीन बंद असलं की त्यावर हॉस्पिटलातलं हिरवं कापड. चालू असलं की मधेच कॅबिनेटवर उलटा हात टेकवायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा. "आज कणकण आहे," म्हणायच्या, आणि झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावायच्या. मशीन मूळ बहिणीच्या मुलाचं, ठाण्याच्या भाच्याचं. त्याने ते खास खेळासाठी जुळवून घेतलेलं. नवं आलं तेव्हा जुनं मावशीकडे आणून टाकलं, आतल्या खेळासकट. "त्याला वाटलं मावशी यावर भजनं ऐकेल," असं सांगून सिस्टर नाकातून हसायच्या.

खेळातला जो माणूस त्यांच्या हातात असे त्याला त्या 'भाऊ' म्हणत. भाऊ मेला, भाऊ उठला, भाऊ आज आळसावलाय. शेजारी एका क्लार्कचं बिऱ्हाड होतं. गोळ्यांचा आवाज थांबला की क्लार्कची बायको कुंपणावरून विचारायची, "सिस्टर, आज किती गेले?"

"त्यांचे मोजले नाहीत वहिनी. आपला एकच. तोही उठला."

नवऱ्याविषयी कुणी विचारलं तर म्हणायच्या, "चालू आहे." कुठे चालू आहे, काय चालू आहे, हे विचारायची छाती कुणाला झाली नाही.

माझ्या तोंडाला लगाम नाही. पहिल्या महिन्यातच मी त्यांना विचारलं, "दिवसभर तुम्ही पोरं मरताना बघता. घरी येऊन परत मारामारीच बघावीशी कशी वाटते?"

त्या सुपात सुकट निवडत होत्या. डोकी मोडून बाजूला टाकत म्हणाल्या, "इथली उठतात."

एवढंच. मला वाटलं पुढे काही बोलतील. त्यांनी सूप पाखडलं आणि मला कांदा चिरायला सांगितला. तो कांदा चिरताना मी हादरलेली होते आणि ते मला त्यांना दिसू द्यायचं नव्हतं.

माणसं मरतात ती आजाराने नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. "उशीर हा एकच आजार. बाकीची डॉक्टर लोकांनी ठेवलेली नावं." वरच्या साहेबांसमोरही त्या हे म्हणायच्या. साखरशेतच्या शेतकरी घरातल्या, भाताच्या चिखलातून उठून नर्सिंगला गेलेल्या. घरची बोली वेगळी, शाळेची मराठी वेगळी, ट्रेनिंगची आणखी वेगळी. साहेबावर रागावल्या की शाळेची मराठी वापरायच्या. खरोखर जिवाचं काही असलं की घरची.

त्यांचं उपकेंद्र मोखाड्याच्या अंगाला, एका पाड्याजवळ. गावाचं नाव मी इथे देत नाही. रोज सकाळी जीपने जायच्या, परतायच्या तेव्हा दिवस कललेला असायचा. आणि आमच्या प्रत्येक पत्रकातली ठरलेली मागणी होती: आरोग्य कर्मचाऱ्यांनी नेमणुकीच्या गावीच मुक्काम केला पाहिजे. मी ज्यांच्या घरात राहून ही मागणी टाइप करत होते, त्या स्वतः ती मोडत होत्या. मी तसं तोंडावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या मला जीपमध्ये घालून घेऊन गेल्या. उपकेंद्राच्या एका खोलीत औषधं, आणि मागे राहायचं क्वार्टर. क्वार्टरला भिंती होत्या, वर आभाळ होतं, आत कुणाच्यातरी शेळ्या बांधलेल्या.

"राहते मी," सिस्टर म्हणाल्या. "तू पत्रे आण."

मी पुढच्या पत्रकात क्वार्टरच्या छपराची मागणी घातली. मुक्कामाची काढली मात्र नाही. ती मागणी बरोबरच होती, आजही आहे.

दिवाळीला भाचा आला आणि त्याच खेळाचा नवा भाग मशीनमध्ये घालून गेला. तिथून बिनसलं. नव्या खेळात मैदानं मोठी, माणसं जास्त, आणि मशीन थिजायचं. भाऊ दारातून बाहेर पडला की चित्र जागच्या जागी गोठायचं, सुटायचं तोवर भाऊ आडवा. सिस्टरना इतकं संतापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"माझा नेम चुकला आणि मेला, तर माझ्या पदरात. पण मी बटण दाबलंय, वेळेवर दाबलंय, आणि हे विचार करत बसलंय म्हणून मेला? हे मी ड्युटीवर रोज ऐकते. घरी ऐकून घेणार नाही."

गावातल्या कॉम्प्युटर क्लासच्या मास्तरांना बोलावणं गेलं. हडकुळे, मवाळ गृहस्थ. सिस्टरना घाबरून असायचे, कारण त्यांच्या दोन्ही मुलांना सिस्टरनी सुया टोचल्या होत्या आणि मुलांनी रडायचं ते मास्तर रडले होते. त्यांनी मशीन बघून सांगितलं, "सिस्टर, चित्राचं कार्ड बदलावं लागेल बहुतेक."

"बहुतेक म्हणजे? तपासल्याशिवाय औषध?" सिस्टरनी खेळातलं चित्र अगदी बारीक करून टाकलं, रंग कमी केले, सावल्या घालवल्या. तरी भाऊ तसाच थिजला. "बघा. डोळ्यांवरचं ओझं काढलं तरी धाप लागतेय. डोळे ठीक आहेत. मेंदू थकलाय."

मास्तरांनी मान डोलावली. मग प्रोसेसर बदलायचा. इथून पुढचे आठ-दहा दिवस त्या घरात दुसरा विषय नव्हता. भाचा फोनवरून सांगायचा, मावशी, जुनं मढं फेक, बोर्डापासून सगळं नवं घे, पेंटियम फोर. मास्तरांच्या ओळखीच्या नाशिकच्या दुकानदाराकडे दोन जुने पेंटियम थ्री पडून होते, एक आठशे मेगाहर्ट्झ वेगाचा, एक हजाराच्या वरचा. सिस्टरचा सध्याचा पाचशेचा. मोठा कुणाला नको असतो? मास्तर म्हणाले, "हजाराच्या वरचा खोबणीत बसेल. भोकं तीच, टाचण्या त्याच. पण तुमचा बोर्ड जुना आहे, त्याला तो झेपणार नाही. चालूच होणार नाही."

"बसतो तरी चालत नाही?"

"नाही. बोर्डाला पचेल तेवढाच द्यायचा."

सिस्टरचा चेहरा एकदम उजळला. "मग असं सरळ सांगा ना. उपाशी पोराला पहिल्या दिवशी पोटभर जेवू घातलं तर ते मरतं. आया ऐकत नाहीत. त्यांना वाटतं खाल्लं म्हणजे जगलं. आठशेचा आणायचा."

निर्णय झाला. मी तिथेच बसून ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. उपाशी पोराचा दाखला कशासाठी दिला जातोय ते बघा. मी म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला हे शोभत नाही. ज्या पोरांचं नाव घेताय त्यांच्या घरात आज काय शिजलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"मी दारू प्यायले असते तर पत्रक काढलं असतंस?"

"काढलं असतं."

"मग याच्यावर काढ. मला वाचायला दे आधी. तुझी वाक्यं लांब होतात."

मास्तर चहा अर्धा टाकून उठून गेले.

सिस्टर गुरुवारी नाशिकला गेल्या. गुरुवारी उपकेंद्रावर लसीकरण नसायचं. त्यांनी रजा घेतलेली मला कधी आठवत नाही. त्या दिवशीही रीतसर रजा नव्हती. उपकेंद्रावरच्या पुरुष कर्मचाऱ्याला सांगून ठेवलं होतं, दिवसभर बस म्हणून. पहाटेच्या नाशिक गाडीने गेल्या आणि दिवस मावळायला परत आल्या. खांद्याला लसीचा डबा. तोच, निळा, सरकारी, ज्यातून पोलिओची लस पाड्यापाड्यांत जाते.

मी दारातच विचारलं, "हा कशाला नेला होता?"

त्यांनी डबा टेबलावर ठेवला, हात धुऊन आल्या आणि झाकण उघडलं. चारी बाजूंना आइसपॅक. मधोमध कापसात गुंडाळलेला, प्लास्टिकच्या पिशवीत, प्रोसेसर. एवढासा चौकोन, खालून बारीक सोनेरी टाचण्या.

"दुकानदार म्हणाला, याला गरमीपासून जपा, गरमीनेच मरतो. अख्ख्या रस्त्याला कोल्ड चेन तुटू दिली नाही. त्र्यंबकला बर्फवाल्याकडून भर घातली."

लसीच्या डब्यातून खेळाचं सामान! तेवढ्यात मास्तर आले. त्यांनी पिशवी उजेडाकडे धरली. आतून दव धरलं होतं. टाचण्यांवर पाण्याचे मणी.

"सिस्टर," मास्तर अगदी हळू म्हणाले, "याला चालू असताना गार ठेवायचं असतं. प्रवासात नाही. हा ओला झालाय."

सिस्टरनी वाकून ते मणी बघितले. लाजलेल्या सिस्टर मी तेव्हा एकदाच बघितल्या. मास्तरांनी प्रोसेसर पुसला, कोरड्या तांदळाच्या डब्यात पुरला आणि सांगितलं, दोन-तीन दिवस राहू दे, बहुतेक वाचेल.

"बहुतेक," सिस्टर म्हणाल्या. या वेळी रागावल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी जीपवाला दाराशी आला. रोज तो हॉर्न द्यायचा. त्या दिवशी खाली उतरून आत आला, आणि चपला काढून उभा राहिला. म्हणाला, "सिस्टर, पाड्यावरचं बारकं गेलं काल. जुलाबानं."

नंतर आम्ही संघटनेचे लोक चौकशीला गेलो. ती माझ्या कानांनी ऐकलेली हकिगत आहे, म्हणून जशीच्या तशी देते. पुरुष कर्मचारी दुपारपर्यंत बसला. मग तालुक्याहून निरोप आला, बैठकीला ये. तो कुलूप लावून गेला. त्यानंतर आई बाळाला घेऊन आली. कुलूप बघितलं आणि दाराशी बसली. आरोग्य केंद्राच्या जीपला डिझेल नव्हतं. डॉक्टरची जागा रिकामी होती. पण हे सगळं तिला माहीत असायचं कारण नाही, कारण ती तिकडे गेलीच नाही. ती सिस्टरच्या दाराशी बसली. संध्याकाळपर्यंत.

मी विचारलं, "उठून दुसरीकडे का नाही गेलात?"

ती म्हणाली, "बाय येते. उशीर होते पन येते. कवा नाय आली असं झालंच नाय."

मी खिडकीच्या गजांतून आत बघितलं. फळीवर जलसंजीवनीची पाकिटं ओळीने लावलेली होती. हात घातला असता तर पोचला नसता, पण काठीने पाडता आली असती. कुलूप दगडाने तुटण्यासारखं होतं. ते कुणाच्या मनात आलं नाही. बाईच्या खोलीचं कुलूप कोण तोडेल? ती येतेच. इतकी वर्षं न चुकता येऊन सिस्टरनी त्या पाड्याला जे शिकवलं होतं, त्यावर विश्वास ठेवून ती आई मूल मांडीवर घेऊन बसून राहिली. मी पत्रकांत 'हलगर्जीपणा' हा शब्द पुष्कळदा वापरला आहे. इथे कुठला शब्द वापरायचा हे मला त्या खिडकीशी कळेना.

सिस्टर त्या शुक्रवारीच पाड्यावर जाऊन आल्या होत्या. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ड्युटी. रविवारी दुपारी मास्तर आले. त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी हसत विचारलं, "काय सिस्टर, पेशंट सुकला का?"

मला वाटलं त्या त्यांना हाकलतील. त्या म्हणाल्या, "बसवा."

मास्तरांनी जुना काढला, नवा बसवला, वर पंखा चढवला. मशीन चालू झालं. प्रोसेसर वाचला होता. मास्तर खुशीत निघून गेले. सिस्टरनी खेळ लावला. मी दाराशी उभी होते आणि मला विश्वास बसत नव्हता. ही बाई आज खेळणार? भाऊ दारातून बाहेर पडला. चित्र थिजलं नाही, पाण्यासारखं सरकत गेलं. मग त्यांनी भाऊला मैदानाच्या मधोमध उभा केला आणि कीबोर्डवरचे हात काढून मांडीत ठेवले. चारी बाजूंनी गोळ्या आल्या. भाऊ पडला. उठला. पुन्हा पडला. पुन्हा उठला. त्या बघत राहिल्या, लाईट जाईपर्यंत.

आमच्या बैठकीत पत्रक काढायचं ठरलं. मी लिहायचं. क्लासमध्ये कॉम्प्युटर होता, तिथे जाऊन लिहिता आलं असतं. पण ज्यांच्या घरात मी राहत होते त्यांच्याविरुद्ध मी दुसऱ्याच्या घरात बसून लिहिणार नव्हते. संध्याकाळी सिस्टर घरी आल्यावर मी टेबलाशी गेले आणि सांगितलं, "पत्रक टाइप करायचंय. तुमच्यावर आहे."

"कर. आता अडकत नाही," त्या म्हणाल्या आणि मागे खाटेवर बसल्या.

मी लिहीत गेले. त्या पाठीमागून वाचत होत्या. श्वास ऐकू येत होता. मधेच म्हणाल्या, "दोन वर्षांचं नाही. अकरा महिन्यांचं होतं. बाळंतपण मीच केलंय."

मी दुरुस्त केलं.

"'वैयक्तिक कामासाठी गैरहजर' म्हणजे काय? माझ्या घरी लग्न होतं? कुणी आजारी होतं? खेळाचं सामान आणायला नाशिकला गेली होती, असं लिही."

"लोक हसतील, सिस्टर."

"कुणी हसणार नाही. आणि 'संबंधित परिचारिका' नको. नाव घाल."

इथे मी थांबले. आम्ही लहान कर्मचाऱ्यांची नावं छापत नाही, हा संघटनेचा नियम होता. मी त्यांना तो समजावून सांगितला. आमचं भांडण व्यवस्थेशी आहे. डॉक्टर नाही, डिझेल नाही, छप्पर नाही, बैठकीसाठी माणूस काढून घेतात. एका नर्सचं नाव टाकलं की वरचे सगळे सुटतात.

त्यांनी ऐकून घेतलं. मग घरच्या बोलीत म्हणाल्या, आणि मी त्यांना माझ्याशी त्या बोलीत बोलताना पहिल्यांदा ऐकलं, "ती व्यवस्थेच्या दाराशी नाय बसलेली. माझ्या दाराशी बसलेली."

मी नाव घातलं.

"आता डिझेलचं लिही, डॉक्टरचं लिही, सगळं लिही. खाली. आधी माझं."

मागण्यांमध्ये पहिली मागणी त्यांच्याच निलंबनाची होती. त्यावर त्या फक्त म्हणाल्या, वाक्य लांब झालंय, तोड. मी तोडलं.

पत्रकं छापून आली. बाजाराच्या दिवशी आम्ही ती जव्हारात वाटली. दाभोशाकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दिली. संध्याकाळी सिस्टरनी मला विचारलं, "माझ्या पाड्यावर कोण नेणार?"

खरं सांगायचं तर तिकडे कुणी जाणार नव्हतं. त्या पाड्यावर वाचता येणारं माणूसच नव्हतं. पोरं आश्रमशाळेत, बाप्ये कामाला गेलेले. मी तसं म्हणाले.

"ज्यांचं मूल गेलं त्यांनाच माहीत नको? गठ्ठा घे. सकाळी माझ्याबरोबर चल."

मी गेले. त्या काय करणार आहेत याची मला कल्पना नव्हती. वाटलं, माफी मागतील. जीपमधून उतरून त्या सरळ त्या घरी गेल्या, ओट्यावर बसल्या आणि आईला समोर बसवलं. आजूबाजूच्या चार बायका आल्या. सिस्टरनी चष्मा लावला आणि पत्रक वाचायला घेतलं. एक वाक्य मराठीत वाचायचं, मग तेच त्यांच्या बोलीत सांगायचं. स्वतःचं नाव वाचलं. नाशिक वाचलं, खेळाचं सामान वाचलं. 'खेळाचं सामान' म्हणजे काय ते एकीने विचारलं, तर हातांनी बंदूक करून दाखवलं. आवाज कुठे हलला नाही, कुठे चढला नाही. साथीच्या दिवसांत पाणी उकळून प्या म्हणून सांगतात, तसा आवाज. मी बाजूला उभी होते. मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य मला पाठ होतं. पण ते असं, ज्याच्यावर लिहिलं त्याच्या तोंडून, ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्या समोर, मी कधी ऐकलं नव्हतं. कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

वाचून संपलं. त्या आईने पदर तोंडाशी धरला होता. तो बाजूला करून तिने विचारलं, "म्हंजे तुला काढतील?"

"हां. काढा असं लिहिलंय."

"मंग दुसरी कवा येल?"

सिस्टरनी माझ्याकडे बोट केलं. "हिला विचार. लिहिणारी ही."

सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. निलंबन, चौकशी, डॉक्टर, डिझेल, छप्पर, एवढ्या मागण्या आम्ही केल्या होत्या. सिस्टर गेल्यावर त्या जागी दुसरी नर्स कधी, ही मागणी त्यांत नव्हती.

"येईल," मी म्हणाले. पुढे कितीतरी महिने ती आली नाही, पण त्या सकाळी मला ते ठाऊक नव्हतं.

"डाक्टर पन येल बोललेले," आई म्हणाली. रागाने नाही, आठवण करून द्यावी तसं. मग ती सिस्टरकडे वळली. "थोरल्या पोरीला राती ताप होता. आलीच हाय तं बघून जा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सिस्टरनी चष्मा काढला, पत्रक माझ्या हातातल्या गठ्ठ्यावर ठेवलं, आणि वाकून त्या बुटक्या दारातून आत गेल्या. आई त्यांच्या मागोमाग गेली. मी पत्रकं धरून ओट्यावर उभी होते. आतून सिस्टरचा आवाज आला, "उजेडाकडे घे तिला. कालपासून काय खाल्लंय?"